मुंबईत २८ हजार की कॅम्प तीनमध्ये १९ हजार? नोकरी धरण्याआधी हा हिशोब करा

निकाल लागले की उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मधल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुंबईत नोकरी बघायची की इथेच कुठेतरी चिकटायचं? स्टेशनसमोरच्या सीएचएम कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पोरांना दोन्ही रस्ते समोरच दिसतात. एका बाजूला सीएसएमटीची लोकल, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ.

ही बाजारपेठ साधी नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीत जागा मिळाली, ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं नाव उल्हासनगर झालं आणि त्या लोकांनी शून्यातून धंदे उभे केले. फर्निचर, जीन्स, कपडे. त्यामुळे इथे काम मिळतं. पगार मात्र मुंबईपेक्षा कमी, म्हणून बहुतेक जण आकडा बघून लोकल पकडतात.

पण हा आकडा महिन्याचा असतो, तासाचा नसतो. समजा बीकेसीत २८,००० रुपयांची ऑफर आहे. ९ तासांचं काम, २६ दिवस, म्हणजे २३४ तास. घर ते स्टेशन, लोकल, कुर्ल्याहून पुढे शेअर रिक्षा आणि तोच परतीचा रस्ता असे रोजचे ४ तास धरले तर आणखी १०४. एकूण ३३८ तास. पास, रिक्षा, बाहेरचं खाणं यांचे ३,५०० वजा करा. उरतात २४,५००, तासाला साधारण ७२ रुपये.

आता कॅम्प तीनमधली १९,००० ची नोकरी. तेवढंच काम, येण्याजाण्यात अर्धा तास, खर्च ५००. तासाला जवळपास ७५ रुपये! (तुमचे आकडे वेगळे असतील, कागदावर मांडून बघा.)

प्रवासाचा त्रास हा फक्त वेळेचा प्रश्न नाही. नोबेलविजेते डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार महिलांना आदल्या दिवसाचा हिशोब विचारला होता. कशात किती बरं वाटलं, या यादीत सकाळी कामावर जाण्याचा प्रवास अगदी तळाला होता. आणि त्यांनी बदलापूर लोकल पाहिलेलीही नव्हती. आपल्याकडे तर जिवाचाच प्रश्न आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले.

मग जवळचीच नोकरी धरायची? इतकं सोपं नाही. इथल्या कित्येक दुकानांत पगार रोख मिळतो, स्लिप नाही, पीएफ नाही. पुढे गृहकर्जाला बँकेत गेलं की हे नडतं. २० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पीएफ कायदा लागू होतो, त्यामुळे रुजू होतानाच विचारा आणि यूएएन नंबर मागून घ्या. मालक ओळखीचा असला तरी विचारा. खरं तर ओळखीचा असेल तर आधी विचारा.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: दोन वर्षांनी तुम्हाला काय येत असेल? मुंबईतल्या ऑफिसात दिवसभर एकच एक्सेल शीट भरायची असेल तर ते ४ तास फुकट गेले. उलट तिथे नवीन काम शिकायला मिळत असेल, तर तासाचे ७२ रुपये स्वस्तात पडले, कारण पुढची उडी तिथूनच आहे.

इथल्या दुकानातही काम वाढवून घेता येतं. अ‍ॅमी रेझनिएव्हस्की आणि जेन डटन या अभ्यासकांनी २००१ मध्ये याला ‘जॉब क्राफ्टिंग’ असं नाव दिलं. म्हणजे नोकरी तीच, पण त्यातलं काम, माणसं आणि त्याकडे बघण्याची नजर आपण थोडी थोडी बदलायची. त्यांना हॉस्पिटलमधले असे सफाई कर्मचारी भेटले, जे रुग्णांची काळजी घेणं हाही आपल्याच कामाचा भाग मानत होते. फर्निचरच्या दुकानात नुसती बिलं फाडणारा मुलगा सीएकडे बसून जीएसटी रिटर्न भरायला शिकला, तर दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला मालक आधी त्यालाच शोधेल. ते कौशल्य मग कुठेही नेता येतं.

मुंबईचीच नोकरी घ्यायची ठरली, तर पगारावर घासाघीस करताना वेळेवरही करा. आठवड्यातून दोन दिवस घरून काम किंवा अकराची शिफ्ट मिळते का, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारायचं असतं. नंतर एचआर ‘पॉलिसी बघून सांगतो’ म्हणतात.