नवरात्रातले परान्न

आश्विन शुद्ध प्रतिपदेला पाम गावच्या घराघरांत घट बसतात, तेव्हा शेतातले हळवे भात पिवळे पडू लागलेले असते. मातीत धान्य पेरले जाते, झेंडूच्या माळा चढतात, नंदादीप उजळतो आणि पुढचे नऊ दिवस घराचा सारा व्यवहार त्या एका ज्योतीभोवती फिरू लागतो. या दिवसांत बाहेरचे अन्न जिभेवर ठेवायचे नाही, हा आमच्या घरचा जुना दंडक. आमच्या आजीने तर उभ्या आयुष्यात उपाहारगृहाची पायरी चढली नाही. कोणी शिजविले, कोणत्या भांड्यात शिजविले, शिजविताना मन कोठे होते, हे ठाऊक नसलेले अन्न देवाला चालत नाही, तर व्रतस्थाला कसे चालेल, असा तिचा सरळ प्रश्न असे. त्या प्रश्नाची थट्टा करावी, असे आम्हांस कधी वाटले नाही. आजही वाटत नाही.

परंतु काळ बदलला. सन १९६९ मध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीज वाहू लागली. पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पाम, टेंभी, कुंभवली, सरावली या गावांच्या शिवेवर कारखान्यांची धुराडी दिसू लागली. गुजरात, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार अशा नाना प्रांतांतून माणसे पोटासाठी आली आणि त्यांच्यामागून त्यांच्या चुलीही आल्या. बोईसरच्या बाजारात आज एका हाकेच्या अंतरावर उडुपी उपाहारगृह, गुजराती भोजनालय आणि उत्तरेकडचा ढाबा सापडतो. या चुलींची खरी ओळख आम्हांस झाली ती मात्र सन २०१९ च्या नवरात्रात, तीही हौसेने नव्हे, अडचणीपोटी.

त्या वर्षी घट बसले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या वडिलांना शस्त्रक्रियेसाठी बोईसरच्या एका रुग्णालयात दाखल करावे लागले. मातोश्री त्यांच्या उशाशी बसून राहिल्या. सौभाग्यवतींना अखंड दिवा सोडून घराबाहेर पडता येईना. सकाळचा डबा जाई, संध्याकाळचा जाऊ शकत नसे. मातोश्रींचे वय अडुसष्ट, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या. दिवसभरात एक केळे आणि पाणी, एवढ्यावरच त्या राहू लागल्या. तृतीयेच्या सायंकाळी जिन्यात त्यांना भोवळ आली. पोटात काही गेल्याखेरीज गोळी घ्यायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. मातोश्री म्हणाल्या, "अरे, देवीपुढे संकल्प सोडला आहे. तुझ्या वडिलांसाठीच तर बसले आहे ना उपवासाला? तोच मोडू?"

आम्ही निरुत्तर झालो. मग शास्त्रवचन आठवले. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे पूर्वाचार्यांनी सांगितले आहे. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि आठवे औषध. हे ऐकून मातोश्री काही वेळ गप्प राहिल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "चल. पण आधी मी विचारणार, मग खाणार."

पहिल्या दिवशी आम्ही उडुप्याकडे गेलो. इडली-डोशात तांदूळ आणि उडीद, तेव्हा ते वर्ज्यच. पण साबुदाण्याची खिचडी होती. ही काही उडुपीची रीत नव्हे. ती येथल्या गिऱ्हाइकांपासून शिकलेली. मातोश्रींनी विचारले, "फोडणीत मोहरी, हिंग, हळद?" मालक स्वतः उठून आत गेले आणि परत येऊन म्हणाले, "आई, फक्त जिरे आणि मिरची. कढई वेगळी." खिचडीबरोबर त्यांनी न मागता पेलाभर गरम दूध ठेवले. "तुम्ही घेतलेत का?" असे मातोश्रींनी सहज विचारले, तेव्हा ते हसले. मध्वसंप्रदायात चातुर्मासाच्या चार महिन्यांत क्रमाने भाजी, दही, दूध आणि द्विदल धान्ये सोडतात. आश्विनातील तो काळ दुधाच्या त्यागाचा. स्वतः दूध सोडलेला मनुष्य दुसऱ्या व्रतस्थापुढे दुधाचा पेला ठेवीत होता! मातोश्रींनी त्या दिवशी प्रथमच पानावर बसल्यावर हात जोडले.

दुसऱ्या दिवशी गुजराती भोजनालयात मोरैयो, राजगिऱ्याची पुरी, सुरणाची भाजी आणि दही असे फराळी ताट मिळाले. मोरैयो म्हणजे आपलेच वरीचे तांदूळ, हे पहिल्या घासाला कळले. भाजीत कोथिंबीर होती. आमच्या घरी ती उपवासाला चालत नाही. त्यांच्या घरी चालते. मातोश्रींनी ती निवडून बाजूला ठेवली. वाढणाऱ्याने ते पाहिले, आणि त्यानंतरच्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा वाटीत कोथिंबीर नव्हती.

खरी परीक्षा ढाब्यावर होती. मातोश्रींनी तोंड उघडण्यापूर्वीच तेथल्या मालकाने सांगितले, "माताजी, नमक सेंधा ही है." उत्तरेकडे व्रताला समुद्राचे मीठ चालत नाही, खाणीतले सैंधवच लागते. कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या आणि कांदा-लसूण नसलेली बटाट्याची भाजी त्याने वाढली. परतताना मातोश्री म्हणाल्या, "आपण इतकी वर्षे साध्या मिठाची खिचडी खाल्ली. यांच्या हिशेबाने आपलाच उपवास मोडत होता की रे!"

त्यांचे हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. वाचकहो, ज्या पदार्थांना आपण उपवासाचे म्हणून निःशंक मानतो, त्यांतील बटाटा, रताळे, मिरची, शेंगदाणा आणि ज्याच्यापासून साबुदाणा बनतो तो कंद, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. गेल्या चार-पाचशे वर्षांत, बव्हंशी पोर्तुगीजांच्या गलबतांतून, ते आपल्या किनाऱ्यावर उतरले. आपल्या पूर्वजांनी त्यांना पारखले आणि देवघराच्या उंबऱ्यातून आत घेतले. शिंगाडा, सुरण, वरी हे जुने. साबुदाणा अगदी अलीकडचा पाहुणा. तेव्हा व्रताचे मर्म पदार्थात नाही, संयमात आहे. 'उपवास' शब्दाचा अर्थच मुळी 'जवळ राहणे' असा आहे, देवाच्या जवळ. तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्लीही अन्नाची निंदा न करण्याचे व्रत सांगते.

याचा अर्थ हॉटेलात वाटेल ते खावे असा नव्हे. आजीचा प्रश्न आजही खरा आहे. फक्त तो मनात ठेवून पाठ फिरविण्याऐवजी समोरच्याला विचारावा. तेल कोणते, कढई वेगळी आहे काय, मीठ कोणते, हे विचारण्यात संकोच नको. सगळीकडेच उत्तर समाधानकारक मिळेल असे नाही. एका ठिकाणी आम्हांला ते मिळाले नाही आणि आम्ही निमूटपणे उठून आलो. पण जेथे विचारणाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखला जातो, तेथले अन्न परके कसे म्हणावे?

नवमीला वडील घरी आले. दसऱ्याच्या सायंकाळी शिलंगणाचे सोने वाटून झाल्यावर मातोश्रींनी आपट्याची थोडी पाने रुमालात बांधली आणि आम्हांस बोईसरला चलण्यास सांगितले. उडुप्याच्या गल्ल्यावर, गुजराती भोजनालयाच्या वाढप्याच्या हातावर आणि ढाब्याच्या चुलीशी त्यांनी एकेक पान ठेवले. ढाबेवाल्याने ते पान कपाळाला लावून देवीच्या तसबिरीपाशी ठेवले. आजी असती तर तिने काय म्हटले असते, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु काशीत साक्षात शंकरांनी ज्या अन्नपूर्णेपुढे भिक्षापात्र धरले, ती माता एकाच घरच्या चुलीपाशी बसून राहत नाही, एवढे मात्र त्या नवरात्रात आम्हांस कळले. तिची कृपा सर्व वाचकांच्या घरी अखंड नांदो.