ओस पडलेल्या पेठेत पुन्हा 'हाउसफुल्ल'!

मॉलनं गावाची बाजारपेठ गिळली तर करायचं काय? इंग्लंडमधल्या ऑल्ट्रिंचमनं त्यावर एक चविष्ट फंडा शोधला.

वीकेंडला आपण काय करतो? मॉलमध्ये जातो, सरकत्या जिन्यावर वरखाली करतो, फूड कोर्टात ट्रे धरून जागा शोधतो आणि दमून घरी येतो. या सगळ्यात गावातल्या जुन्या पेठेचं काय झालं, हे आपल्या डोक्यातही येत नाही. ऑल्ट्रिंचमकरांवर मात्र तो विचार करायची वेळ आली.

मँचेस्टरपासून साधारण १३ किलोमीटरवरचं हे गाव. इथल्या बाजाराला १२९० मध्ये राजाची सनद मिळाली. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, त्या वर्षी! इतका जुना बाजार, पण १९९८ मध्ये जवळच ट्रॅफर्ड सेंटर नावाचा अवाढव्य मॉल उघडला. पार्किंग फुकट, सगळे ब्रँड एका छपराखाली. गिऱ्हाईक तिकडे वळलं. त्यात २००८ ची मंदी. २०१० मध्ये गावातली जवळपास ३० टक्के दुकानं रिकामी होती. देशातलं सर्वांत जास्त प्रमाण! 'भुताचं गाव' असा शिक्काही बसला.

चुली अनेक, टेबल एक

२०१४ मध्ये चित्र पालटायला लागलं. जुन्या इमारतींचा कायापालट करण्यात मुरलेल्या निक जॉन्सन यांनी बाजाराची सूत्रं हातात घेतली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं मार्केट हाउस साफसूफ केलं. कडेनं छोटी छोटी स्वयंपाकघरं, मध्ये लांबलचक लाकडी टेबलं. पिझ्झा एकाकडून घ्या, पाय दुसऱ्याकडून, कॉफी तिसऱ्याकडून. बसायचं मात्र सगळ्यांनी एकत्र. साखळी ब्रँडना इथे जागा नाही.

गंमत म्हणजे यातलं गणितही सॉलिड आहे. स्वतःचं रेस्टॉरंट काढायचं तर डोक्यावर केवढा खर्च! इथे नव्या दमाच्या शेफला फक्त आपली चूल सांभाळायची. बसायची जागा सगळ्यांची मिळून. एकाच्या गिऱ्हाइकाचा वास दुसऱ्याच्या तव्याला लागतो, एवढंच!

माझी कॉलेजची मैत्रीण मँचेस्टरला ऑनसाइट आहे. तिच्याबरोबर एका शनिवारी तिथे गेले. "तू जागा धर, मी ऑर्डर देते," म्हणून ती पळाली. एसटीत रुमाल टाकावा तशी मी ओढणी टाकली. आमच्याच टेबलावर एक तान्हं बाळ, पेपर वाचणारे आजोबा आणि लॅपटॉप उघडून बसलेला एक मुलगा. मॉलच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर ही मंडळी एकत्र कशी येणार?

पोट भरलं की माणसं आसपास रेंगाळतात, मग शेजारची दुकानंही उघडतात. रिकाम्या गाळ्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आलं आणि २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सर्वोत्तम बाजारपेठेचा किताब ऑल्ट्रिंचमनं पटकावला. मग हाच फंडा २०१७ मध्ये मँचेस्टरच्या जुन्या मटण बाजारात आणि २०२० मध्ये मॅकल्सफील्डच्या जुन्या थिएटरात पोचला.

पण... एक मिनिट!

सगळं श्रेय खाण्याला देऊन चालणार नाही. त्याच सुमारास ट्राम-बस स्टेशनचं नूतनीकरण झालं, २०१५ मध्ये गावात नवं हॉस्पिटल उघडलं. शेजारी हेल, बाउडनसारख्या पैसेवाल्या वस्त्या आहेत, हेही खरं. खिसा हलका असलेल्या गावात महागडी कॉफी किती खपेल? आणि जागेला भाव आला की भाडं वाढतं. स्वस्तात मोजे नि भाजी विकणारा जुना गाळेवाला त्यात टिकला नाही, तर पेठ वाचली म्हणायची की फक्त तिची इमारत?

हा प्रश्न मला जवळचा वाटतो, कारण माझ्या मामांचं तालुक्याच्या गावात, भर पेठेत स्टेशनरीचं दुकान आहे. दुपारी तिथे हल्ली शुकशुकाट असतो. पुण्याची मंडई किंवा मुंबईचं क्रॉफर्ड मार्केटही व्हिक्टोरियाच्याच काळातलं. आपल्याकडे खाण्याची आवड आहे, कट्ट्याची सवय आहे, इमारतीही आहेत. हवंय ते बसायला चार बाकं, स्वच्छ टॉयलेट आणि जुन्या गाळेवाल्यांना विचारात घेणारी नगरपालिका.

ते होईल तेव्हा होईल. तोवर ऑफिसची पुढची पार्टी पेठेत करून बघा ना, बॉस! मिसळ तिथलीच जास्त झणझणीत असते.