ब्रेक मऊ लागतो? आधी गाडी उभी करा



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आदिलाबादहून बेल्याला परत येत होतो. गाडीत दवाखान्यातून सुटी मिळालेली एक बाळंतीण, तिचे आठ दिवसांचे बाळ आणि सासू अशी माणसे होती. जैनथ मागे पडले. दिवस मावळतीला आलेला, आणि वावरातून परतणारी गुरे एकदम रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला तर पाय तळापर्यंत गेला. पुन्हा दाबला तेव्हा थोडा लागला, तिसऱ्यांदा आणखी थोडा. शेवटच्या गायीपासून हातभर अंतरावर जीप थांबली. कोणाला काही झाले नाही. पण सासूबाईंनी नातवाला छातीशी धरून माझ्याकडे जे पाहिले, ते अजून विसरलो नाही.

दोष नशिबाचा नव्हता, माझा होता. आठ दिवसांपासून ब्रेक मऊ लागत होता, आणि "लागतो आहे ना, मग चालू द्या" असे मी म्हणत होतो. ब्रेक ऑइल कमी झालेले दिसले म्हणून दोनदा वरून भरले. ते जाते कुठे, हे एकदाही पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मागचे डावे चाक काढले तेव्हा आतला ड्रम तेलाने चिंब झालेला होता.

आता कापसाचा हंगाम जवळ येत आहे. कोणाची बोलेरो, कोणाचा छोटा हत्ती, कोणाची जुनी जीप कापूस भरून आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे निघेल. म्हणून मिस्त्रीजवळ बसून जे शिकलो, ते आज आपणापुढे मांडत आहे.

ब्रेक चालतो कसा?

गुरांना इंजेक्शन देण्याची सिरिंज घ्या. तिच्यात पाणी भरा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. दट्ट्या हलत नाही. आता पाणी काढून नुसती हवा ठेवा आणि पुन्हा दाबा. दट्ट्या आत जातो, सोडला की परत येतो. पाणी दबत नाही, हवा दबते. मऊ ब्रेकचे मुख्य कारण एवढ्यात आले.

बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम मुलांच्या शाळेच्या पुस्तकात असतो. त्याच नियमावर माल्कम लॉकहीड याने १९१७ च्या सुमारास मोटारीचे तेलावर चालणारे ब्रेक तयार केले, आणि अमेरिकेतील ड्युसेनबर्ग मोटारीत १९२१ साली ते चारही चाकांना बसले. आपण पॅडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडर तेल पुढे ढकलतो. ते नळ्यांतून चाकांपर्यंत जाते आणि तेथील पिस्टन ब्रेक शू किंवा पॅड दाबून चाक रोखतात. वाटेत हवा शिरली, तेल गळाले किंवा रबर झिजले, तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही.

पायाने ओळखा

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवा. पॅडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधील उरलेली ओढ संपेल. मग पुढील गोष्टी पाहा.

पहिली : पॅडल स्पंजासारखे लागते, दाबले की दबते आणि पायाला उसळी जाणवते. वारंवार दाबल्यावर थोडे वर येते, पण लवचिकपणा जात नाही. बहुधा आत हवा आहे. क्वचित जुना होज पाइप दाबाने फुगतो, त्यानेही असेच होते. एकाने पॅडल दाबावे, दुसऱ्याने होजकडे पाहावे. फुगवटा लगेच दिसतो.

दुसरी : पॅडल पहिल्या दाबाला खोल जाते, पण लागोपाठ दुसऱ्यांदा दाबले की वर येऊन दगडासारखे घट्ट लागते. येथे बहुधा मागच्या ड्रममधील शू आणि ड्रम यांत अंतर वाढलेले असते. शू झिजले असतील तर बदलावे, नाहीतर ॲडजस्ट करून घ्यावे. चाकाची बेअरिंग ढिली असली तरी खराब रस्त्यानंतर पहिला दाब खोल जातो. तीही पाहून घ्यावी.

तिसरी : पाय एकसारखा दाबून अर्धा मिनिट धरला, तर पॅडल हळूहळू खाली सरकत जाते. याचा अर्थ तेल कुठेतरी गळते आहे. बाहेर कोठेही ओल सापडली नाही, तर मास्टर सिलिंडरमधील वायसर झिजून तेल आतल्या आत मागे फिरते आहे असे समजावे. ही गाडी रस्त्यावर आणूच नये.

एक खुलासा. पॅडल दाबून धरलेले असताना इंजिन सुरू केले की ते थोडेसे खाली जाते. तो बिघाड नव्हे. बूस्टर काम करीत असल्याची ती खूण आहे.

डोळ्यांनी पाहा

ब्रेक ऑइलच्या डब्यावर खालची व वरची रेघ असते. पॅड झिजत जातात तशी पातळी महिनोन्‌महिने सावकाश उतरते. पण चार दिवसांत उतरली तर गळती आहे. चारही चाकांची आतली बाजू, नळ्यांचे सांधे, होज पाइप आणि पॅडलच्या वरची जागा हाताने चाचपून पाहा.

आपल्या भागात एक कारण विशेष आढळते. काळ्या मातीच्या वावरात गाडी घातली की चिखल चाकाच्या आत भरतो आणि वाळून दगड होतो. पऱ्हाटीचे खुंट होज पाइपला ओढतात, घासतात. म्हणून वावरातून गाडी बाहेर काढली की चाकांची आतली बाजू धुवावी आणि होजवर नजर टाकावी.

तेलाने भिजलेले लायनर पुसून किंवा उन्हात वाळवून पुन्हा बसवू नयेत. एका बाजूचे बदलले तर त्याच जोडीतील दुसऱ्या चाकाचेही बदलावेत, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते.

तेल कोणते भरावे?

डब्याच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच भरावे. इंजिन ऑइल, ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल किंवा खायचे तेल थेंबभरही घालू नये. त्याने आतील रबर फुगते आणि साऱ्या ब्रेकची नासाडी होते.

ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. निर्मलजवळच्या महबूब घाटासारख्या उतारावर भरलेली गाडी सतत ब्रेक दाबून उतरवली, तर हे पाणी उकळून वाफ होते. वाफ हवेसारखीच दबते, आणि वर ठीक लागणारा ब्रेक खाली पोचेपर्यंत नाहीसा होतो. म्हणून उतार खालच्या गिअरमध्ये उतरावा, आणि साधारण दोन वर्षांनी तेल पूर्ण बदलावे. फोडून ठेवलेला जुना डबा वापरू नये.

हवा कशी काढावी?

गळती दुरुस्त केल्यावरच हवा काढावी. या कामाला दोन माणसे, निपलला बसेल असा पाना, पारदर्शक नळी आणि थोडे ताजे ब्रेक ऑइल घातलेली बाटली लागते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. भक्कम ठोकळे द्यावेत.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. उजव्या स्टिअरिंगच्या बऱ्याच गाड्यांत क्रम असा : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असल्यास तो पाळावा. निपलला नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतील तेलात बुडवा. वरच्या माणसाने पॅडल सावकाश दाबून धरावे आणि "धरले" म्हणावे. खालच्याने निपल अर्धा फेरा उघडावा, बुडबुडे निघू द्यावेत, निपल बंद करावा आणि मग "सोडा" म्हणावे. निपल बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे. डब्यातील तेल मधेमधे भरत राहावे. तो रिकामा झाला तर सारे काम पहिल्यापासून करावे लागते. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवावा, म्हणजे वायसर सिलिंडरच्या गंजलेल्या भागावर घासणार नाहीत. बाहेर आलेले तेल पुन्हा भरू नये. एबीएस असलेल्या नव्या गाड्यांना काही वेळा यंत्र जोडावे लागते. तेथे मिस्त्रीकडेच जावे.

शेवटी पॅडल घट्ट लागले पाहिजे. आधी अंगणात, मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून पाहावे, आणि त्यानंतरच माणसे बसवावीत.

वाटेत ब्रेक गेला तर

घाबरू नका. पॅडल भराभर दाबत राहा. थोडा दाब तयार होऊ शकतो. एकेक गिअर खाली आणा. हॅण्डब्रेक हळूहळू ओढा, एकदम ओढू नका. इंजिन बंद करू नका. हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. थांबल्यावर "हळूहळू घरी नेऊ" हा मोह टाळा, गाडी ओढून न्या.

ट्रॅक्टरवाल्यांना एक विनंती. वावरात वेगळे वापरतो ते दोन्ही ब्रेक पॅडल रस्त्यावर येताच खिट्टीने एकत्र जोडा. भरलेली ट्रॉली मागे असताना एकाच चाकाचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटतो.

आरोग्याच्या दोन गोष्टी

ब्रेक ऑइल विषारी आहे. ते पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका; लेकरे फसतात. पोटात गेले तर लगेच दवाखाना गाठा. डोळ्यांत उडाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. ड्रममधील धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते, आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाका.

माझ्या जीपच्या दुरुस्तीला एक दुपार लागली. व्हील सिलिंडर आणि मागच्या दोन्ही चाकांचे लायनर बदलले. तेवढी दुपार मी आठ दिवस आधी काढली असती, तर त्या बाळाचा जीव एका गायीच्या अंतरावर आला नसता. आपण बैलगाडी जुंपण्याआधी जू आणि सापत्या तपासत आलो आहोत. गाडीची किल्ली फिरवण्याआधी एकदा पॅडल दाबून पाहण्याची तीच सवय लावू या. येत्या रविवारी मिस्सानंतर मी जीपचे बॉनेट उघडून चर्चसमोर उभा राहीन. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती घेऊन यावी. तेलाच्या डब्याची रेघ सगळे मिळून पाहू.