मेंदूला ऐकू येतंय का? कोल्हापुरात अशी लॅब काढायची, तर मशीनआधी काय लागेल?

गणपतीत डॉल्बी लागला की खिडक्यांची तावदानं हादरतात, ते आपलं कोल्हापूर. समजा, इथंच मेंदू आणि ऐकणं यावर प्रयोग करणारी लॅब काढायची ठरली. पहिलं कोटेशन कशाचं मागवाल? बहुतेक जण म्हणतील, मशीनचं. आणि इथंच गणित चुकतं. आधी खोलीचं मागवायचं.

आता हे का, ते बघा. दोन महिन्यांच्या बाळाला "ऐकू आलं का रे?" असं विचारता येत नाही. मग उत्तर थेट मेंदूकडूनच घ्यायचं. डॉक्टर ज्याला 'बेरा' म्हणतात ती टेस्ट हीच. बाळ झोपलं की डोक्याला इलेक्ट्रोड लावतात, कानात टकटक असा आवाज सोडतात आणि पुढच्या १० मिलिसेकंदांत मेंदूच्या देठापर्यंत उठणाऱ्या लहरी पकडतात. जेवेट आणि विलिस्टन यांनी १९७१ मध्ये या लहरींचं नीट वर्णन केलं.

पण ही लहर एक मायक्रोव्होल्टपेक्षाही छोटी. घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, त्याचा पंधरा लाखावा भाग! म्हणून एक-दोन हजार वेळा टकटक ऐकवून सरासरी काढावी लागते.

त्यात भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण शिरली, तर लहर झाकली जाते आणि चांगल्या कानाच्या बाळावर संशय येतो. उलटही होतं. गोंगाटातलाच एखादा चढउतार लहर समजला गेला, तर न ऐकणारं बाळ 'नॉर्मल' ठरून घरी जातं. वयाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत असं तज्ज्ञ सांगतात. असा एक चुकीचा रिपोर्ट ही सगळी मुदत खाऊन टाकतो. म्हणून चांगलं अर्थिंग हवं, आणि मोबाईल बाहेर.

आता आवाज. कायद्यानं हॉस्पिटलच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. श्रवण चाचणीच्या खोलीत मात्र साधारण ३० च्या आसपासच आवाज चालतो. फरक २० चा दिसतो, पण डेसिबलच्या हिशोबात तो तीव्रतेनं १०० पट आहे. आणि हो, भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा फोम चिकटवून काम होत नाही. त्यानं फक्त आतला घुमारा कमी होतो. बाहेरचा हॉर्न अडवायला जड भिंत, दुहेरी दार आणि फटी बंद, हेच लागतं. एसीचा घरघराटसुद्धा मोजावा लागतो.

एमआरआय घ्यायचं म्हटलं, तर विषय आणखी हार्ड. ते मशीन स्वतःच १०० डेसिबलच्या पुढं ठोकतं. त्यात साध्या हेडफोनमध्ये चुंबक असतो, तो आत नेता येत नाही. म्हणून आवाज प्लास्टिकच्या नळीतून कानापर्यंत आणतात. संशोधकांनी एक युक्तीही काढली आहे. आवाज ऐकल्यावर मेंदूतला रक्तप्रवाह वाढून कळसाला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. मग तेवढा वेळ मशीन गप्प ठेवायचं, शांततेत आवाज ऐकवायचा आणि नंतर फोटो घ्यायचा.

कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र हेही अवघड, कारण इम्प्लांटमध्येच चुंबक असतो. त्यांच्यासाठी एफनिर्स नावाची टोपी वापरतात. ती कवटीतून इन्फ्रारेड प्रकाश सोडून रक्तातला बदल मोजते आणि आवाज जवळपास करतच नाही.

एवढं सगळं जमलं तरी कोटेशनमध्ये एक ओळ राहून जाते, ती म्हणजे कॅलिब्रेशन. स्क्रीनवर ३० डेसिबल दिसतंय म्हणून कानात तेवढाच आवाज पडतोय असं नसतं. हेडफोन पडतो, वायर झिजते. म्हणून दरवर्षी मीटर लावून ते तपासून घ्यावं लागतं.