हातचा कागदावर ठेवा

बेरीज करताना आपण 'हातचा एक' म्हणतो. हातचा म्हणजे हातात धरून ठेवायचा आकडा. परीक्षेत मात्र बहुतेक मुलं तो डोक्यात ठेवतात, आणि पुढच्या स्थानाची बेरीज होईपर्यंत तो निसटलेला असतो. जव्हार-मोखाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत शिष्यवृत्तीचा, नवोदयचा सराव चालतो. पुढे हीच मुलं पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेला बसतात. गणित येत असूनही त्यांचे गुण जातात, आणि त्यातले बरेचसे कच्च्या कामातल्या चुकांमुळे जातात. या कच्च्या कामाबद्दल पालकांच्या आणि आपल्या शिक्षकांच्याही मनात काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

'हुशार पोरगं तोंडी करतं, लिहितं ते कच्चं'

ही समजूत सर्वांत जुनी आणि सर्वांत नुकसानीची. आपल्याकडे अंकगणिताचं जुनं नावच पाटीगणित आहे, म्हणजे पाटीवर करायचं गणित. पाटीवर धूळ पसरून तीत आकडे मांडत, म्हणून त्याला धूलिकर्मही म्हणत. ११५० साली 'लीलावती' लिहिणारे भास्कराचार्य याच परंपरेतले. जुन्या मराठी शाळांत पाढे, पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ करून घेत, ते पाटीवरची मांडणी झरझर व्हावी म्हणून. पाठांतर होतं म्हणून पाटी कुणी बाजूला ठेवली नव्हती.

डोक्यात एका वेळी किती गोष्टी मावतात यावर बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ही मर्यादा सातच्या आसपास सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ साली ती आणखी खाली, चारच्या आसपास आणली. आता पाचवीतलं एक शाब्दिक उदाहरण घ्या. तीन दिलेल्या संख्या, एक एकक, एक प्रश्न, मधलं एक उत्तर आणि हातचा. डोकं भरलं. त्यात परीक्षेची भीती आली की आहे ती जागाही आक्रसते. मुलगा हुशार असो की साधा, ही मर्यादा सगळ्यांनाच आहे.

मराठीत याला आणखी एक गाठ आहे. आपण सत्तावीस म्हणतो तेव्हा आधी सात ऐकू येतात, मग वीस. लिहायचे मात्र २ आधी. त्यामुळे संख्या मनात घोळवणारं मूल घाईत २७ चे ७२ करतं. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष असताना, २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची रीतही दिली गेली, ती याच अडचणीमुळे. त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. वाद कुणाला कसाही वाटो, अडचण खरी आहे. ज्या घरात वारली, कोकणा किंवा क-ठाकरी बोलली जाते तिथल्या मुलाला तर शाळेची मराठीच नवी असते. संख्या वाचल्याबरोबर अंकांत उतरवली की हा घोटाळा तिथेच थांबतो.

'लिहीत बसलं तर वेळ पुरत नाही'

वेळ कमी असतो, हे खरंच आहे. २०१७ पासून पाचवी आणि आठवीसाठी झालेल्या शिष्यवृत्ती परीक्षांत एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं असत. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पहिल्या पेपरात त्यातले ५० प्रश्न गणिताचे. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत अंकगणिताचे २० प्रश्न, त्यांना ३० मिनिटं, म्हणजे प्रत्येकी दीड मिनिट. पोलीस भरतीत ९० मिनिटांत १०० प्रश्न, एकाला ५४ सेकंद.

पण हा वेळ खातं कोण? एक प्रश्न पाहा.

१२ किलो ५०० ग्रॅम नागलीची प्रत्येकी ७५० ग्रॅमची पाकिटं भरली. जास्तीत जास्त पाकिटं भरल्यावर किती ग्रॅम नागली उरेल?

तोंडी करणारं मूल प्रश्न वाचतं, भागाकाराला लागतं, मध्येच किलोचे ग्रॅम करायचे राहिले म्हणून परत प्रश्नाकडे येतं. आकडा विसरला म्हणून पुन्हा येतं. शेवटी १६ हे उत्तर मिळतं, पर्यायांत १६ दिसतात, आणि ते गोल काळा करून मोकळं होतं. विचारलं होतं ते उरलेल्या नागलीबद्दल.

लिहिणारं मूल 'उरेल' आणि 'ग्रॅम' या दोन शब्दांखाली रेघ मारतं. बाजूला १२५०० आणि ७५० मांडतं. ७५० चोक ३०००, म्हणजे १६ पाकिटांचे १२०००. उरले ५००. कागदावर जेमतेम दोन ओळी, आणि त्या लिहायला दहा-पंधरा सेकंदांच्या वर लागत नाहीत. प्रश्न तीनदा वाचायला याहून जास्त लागतात. हात चालतो तेव्हा वेळ जाताना दिसतो, पुन्हा वाचण्यात गेलेला वेळ दिसत नाही. लिहिण्यावर आळ येतो तो म्हणून.

'मग सगळंच उतरवून काढावं'

नाही. हे दुसरं टोक. काही शिक्षक वर्गात 'रीत पूर्ण लिहा' म्हणतात आणि वर्गाच्या वहीत ते योग्यच आहे. वेळ लावलेल्या पेपरात मात्र तीनच गोष्टी लागतात: काय दिलंय ते एककासह, काय विचारलंय ते, आणि मधलं उत्तर. प्रश्नातलं वाक्य उतरवायचं नाही, 'समजा' लिहायचं नाही.

जव्हार-मोखाड्याच्या मुलांसाठी मी यात शब्दांखालच्या रेघेला सर्वांत वरचं स्थान देईन. 'प्रत्येकी', 'एकूण', 'उर्वरित', 'पेक्षा कमी', 'कमीत कमी', 'नसलेला' हे शब्द छोटे आहेत, पण कोणती क्रिया करायची ते तेच ठरवतात. 'उर्वरित' हा शब्द पाड्यावर कुणी बोलत नाही. तो दिसला की त्यावर 'उरलेलं' किंवा आपल्या बोलीतला शब्द लिहायला काय हरकत आहे? प्रश्नपत्रिकेतल्या मोकळ्या जागेत आपल्या बोलीत लिहिल्याचे गुण कुणी कापत नाही.

'आकृती भूमितीच्या प्रश्नाला, तीही सुबक'

भूमितीच्या रचना शिकवताना आपण आधी कच्ची आकृती काढायला लावतो. ती प्रमाणात नसते, पट्टीनं आखलेली नसते, आणि तरी सगळं काम तीच करते. तीच सवय बाकीच्या गणितालाही हवी. रांगेत एक मुलगी डावीकडून १४वी आणि उजवीकडून ९वी आहे, तर रांगेत एकूण किती जणी? घाईतलं उत्तर २३ येतं. एक आडवी रेघ, तीवर एक ठिपका, ठिपक्याच्या डावीकडे १३, उजवीकडे ८. उत्तर २२. एसटी १० वाजून ४० मिनिटांनी सुटली आणि २ तास ३५ मिनिटांनी पोहोचली, यातही रेघ काढावी. पहिली २० मिनिटं ११ वाजेपर्यंत, उरलेले २ तास १५ मिनिटं, म्हणजे सव्वा वाजता. उभी बेरीज करणारी मुलं इथे १२ वाजून ७५ मिनिटं लिहून अडकतात.

या भागातल्या मुलांना आकृती शिकवावी लागते असं मला वाटत नाही. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांतून अख्खा गाव उभा करणारी वारली चित्रकला याच डोंगरपट्ट्यातली. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती याच रेषांसाठी. भिंतीवर दोन त्रिकोणांत माणूस उभा करणारा हात पेपरात एक रेघ ओढायला कचरतो, कारण गणिताच्या तासाला चित्र काढू नये असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं.

'कुठंही खरडलं तरी चालतं'

चालत नाही. कच्चं काम प्रश्नाशेजारच्या मोकळ्या जागेत करावं, तिथे जागा नसेल तर शेवटच्या कोऱ्या जागेत प्रश्नाचा क्रमांक घालून. सुटला नाही त्या प्रश्नाला गोल करून पुढे जावं. परत येताना अर्धी मांडणी तिथे असली तर तो प्रश्न पहिल्यापासून वाचावा लागत नाही. उत्तरपत्रिकेवर काहीही खरडू नये, ती यंत्रानं तपासली जाते. आठवीच्या शिष्यवृत्ती पेपरात कमाल २० टक्के प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही नोंदवावे लागत. असे प्रश्न असतील तिथे तपासलेल्या प्रत्येक पर्यायापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण हवीच, नाहीतर पहिलं बरोबर उत्तर सापडताच मूल पुढचा प्रश्न घेतं. शिष्यवृत्तीत आणि नवोदयमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून गोल केलेला एकही प्रश्न शेवटी कोरा सोडू नये.

पुढे एमएचटी-सीईटीसारखी परीक्षा संगणकावर होते. तिथेही कच्च्या कामाला कागद मिळतो. फरक इतकाच, की पडद्यावरच्या शब्दाखाली पेननं रेघ मारता येत नाही, म्हणून काय विचारलंय ते कागदावर आधी लिहावं लागतं.

शिक्षकांना आणि आश्रमशाळांच्या अधीक्षकांना एक विनंती आहे. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांचा सराव तुटतो, आणि मागे राहिलेल्यांकडे कोऱ्या वह्या मोजक्याच असतात. म्हणून मुलं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहितात किंवा पाटीवर करतात. पाटी सरावाला चांगली, पण ती पुसली की चूक नेमकी कुठे झाली ते कळायला मार्ग उरत नाही. आठवड्यातून एक सराव पेपर तरी कागदावर होऊ द्या. एका बाजूनं कोरे असलेले जुने कागद, कॅलेंडरची पानं, काहीही चालेल. आणि पेपर तपासताना चुकलेल्या उत्तराशेजारची मांडणी वाचा. हातचा राहिला, अंक उलटे झाले की प्रश्नच वेगळा समजला, हे तिथेच दिसेल, आणि त्या मुलाला नेमकं काय शिकवायचं तेही.