काजव्यांचे वधूसंशोधन

रोहिणी नक्षत्र सरत आले, बाळहिरड्याचा हंगाम आटोपला आणि वळवाच्या दोन-चार सरींनी आंबेगाव तालुक्यातील आहुपे-भीमाशंकरच्या नि जुन्नरच्या नाणेघाटाकडील डोंगरपट्ट्यातली माती ओलावली, म्हणजे तेथील हिरड्या-जांभळांवर काजव्यांचा अंमल बसतो. शहरातून आलेला प्रेक्षक त्याला निसर्गाची दिवाळी म्हणून मोकळा होतो, परंतु त्या प्रत्येक लुकलुकीमागे अल्पायुषी नराची जोडीदारीण गाठण्याची निकराची खटपट असते, हे थोड्यांच्याच ध्यानी येते.

आयुष्याचा बहुतेक काळ पाचोळ्याखाली अळीच्या रूपाने गोगलगाई फस्त करण्यात गेल्यावर, पंख फुटलेल्या काजव्याच्या वाट्याला जेमतेम काही आठवडे उरतात. असा एखादा काजवा आपणहून तळहातावर उतरला, तर त्याच्या पोटाकडील बाजू पाहावी: आपल्याकडील बहुतेक जातींत टोकाशी फिकट रंगाचे दोन खंड दिसले तर तो नर, एकच दिसला तर मादी. या खंडांत ल्युसिफेरिन नामक द्रव्याचा ल्युसिफरेज या विकराच्या साह्याने ऑक्सिजनशी संयोग होऊन जवळजवळ उष्णतारहित प्रकाश उपजतो.

या प्रकाशाची लय हीच जातीची मोहर. अमेरिकेतील एका परिचित जातीचा नर उडता उडता आकड्यासारखी प्रकाशरेषा ओढतो आणि गवतातली मादी सुमारे दोन सेकंदांनी उत्तर देते. तेवढ्या अंतरावरून तो स्वजातीची खातरजमा करून घेतो. मात्र या रिवाजाचाही गैरफायदा घेतला जातो: दुसऱ्या वंशाच्या माद्या हेच उत्तर हुबेहूब देऊन नराला बोलावतात आणि खाऊन टाकतात, असे जेम्स लॉइड यांनी 1965 साली दाखविले.

सह्याद्रीत शेकडो नर एकाच झाडावर एका तालात उजळतात, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी असे सहकार्य का करावे, हा प्रश्न पडतोच. मॉइसेफ आणि कोपलंड यांनी 2010 मध्ये अमेरिकेतील अशाच एका समतालबद्ध जातीवर कृत्रिम दिव्यांचे प्रयोग केले, त्यांत एकतालाच्या संकेतांना माद्यांनी 80 टक्क्यांहून अधिक वेळा प्रतिसाद दिला, तर विस्कळीत संकेतांना 10 टक्क्यांच्या आतच; म्हणजे गर्दीत लय ओळखू येण्यासाठी दोन उजेडांमधला काळोख शाबूत राहावा लागतो.

तो काळोख मोटारींच्या दिव्यांनी नि टॉर्चच्या झोतांनी भरून गेला, तर मादीचे क्षीण उत्तर नराला दिसणार कसे? म्हणून आहुपे-नाणेघाटाच्या पाहुण्याने दिवे मालवावेत आणि पायवाट सोडू नये; कारण ओल्या मातीत पुढील पिढी असते, आणि ती तुडवली गेली तर येत्या ज्येष्ठात पाहण्यासारखे फारसे उरणार नाही.