मावशीच्या मापाचा दांडा

सकाळी सात. जुन्नरच्या माझ्या दुकानाच्या फळ्या काढायच्या आधीच मावशी ओट्यावर येऊन बसली होती. नाणेघाटाकडच्या वाडीतून पहिल्या एसटीने आलेली. पिशवीतून तिने कुऱ्हाडीचं पातं काढलं, नेढ्यात अडकलेल्या थोटकासकट. मोडलेला दांडा वेगळा.

"मिस्तरी, बाजारातला घातला होता. चार महिने टिकला नाही."

मोड पाहिली. तिरकी, लांब. फळीतून करवतीने काढलेला दांडा, लाकडाची रेषा मधेच बाहेर पडलेली. लाकूड तिथेच फाटतं, आणि ती जागा नेमकी नेढ्याखाली आली होती. पातं मात्र जुन्या लोहारकामाचं, सव्वा किलोच्या आसपास. पाठीवर घाव घालून घालून कड फुलल्यासारखी झालेली.

साडेसात. थोटूक काढायचं. "चुलीत घालून जाळणारच होते," मावशी म्हणाली. नाही जाळलं ते बरं केलं. लोहाराने दिलेलं पाणी विस्तवात उतरतं; मग कितीही घासा, धार दोन दिवसांत बसते. मी थोटूक खालून सपाट कापलं, गिरमिटाने चार भोकं पाडली आणि सळईने खालून वर ठोकून बाहेर काढलं. नेढ्यात बोट फिरवलं. मधे आवळलेलं, वर फाकलेलं. हे फाकणं महत्त्वाचं, पाचरीने दांडा तिथेच फुगतो नि अडकतो.

साडेआठ. लाकूड. दांड्याला खरं तर धामण हवी, लवचीक आणि चिवट, घाव बसला की हाताला झिणझिण्या येत नाहीत. तिवसही उत्तम, पण तो 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. माझ्या माळ्यावर बांधावरच्या बाभळीच्या फोडी आहेत, दोन वर्षं वाळलेल्या. फोडी म्हणजे पाचरी ठोकून फाडलेल्या. लाकूड आपल्या रेषेनेच फाटतं, त्यामुळे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. गाठ नसलेली एक निवडली. टोकावर पाहिलं, वार्षिक वलयांच्या रेघा पात्याच्या धारेला समांतर धरायच्या.

मग मापाचा प्रश्न. मोडलेला दांडा 80 सेंटिमीटरचा, तसाच कर म्हणाली. "हा कुणाच्या मापाचा?" "मालकांच्या." "आता लाकडं कोण फोडतं?" ती बोलली नाही. मी पातं तिच्या मुठीत दिलं, हात लांब करायला लावला आणि काखेपर्यंत काठी लावून खूण केली. 65.

नऊ ते बारा. वाकस चालवायची वेळ, दिवसातली माझी आवडती. आधी चौकोनी, मग कोपरे उडवून आठ पैलू, मग लंबगोल. पूर्ण गोल दांडा हातात फिरतो आणि धार कुठे आहे ते हाताला कळत नाही. मधे थोडा बारीक केला, मुठीशी जरा फुगवला, म्हणजे घामाने निसटत नाही. ढलप्या उडत होत्या; मावशी त्या गोळा करून ढीग लावत होती. रिकामं बसवत नाही तिला. शेजारचा चहावाला येता-जाता "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" म्हणून गेला. ती म्हण ज्याने केली, तो लोहार असावा. दोष लाकडावर ढकलला, लोखंड मोकळं सुटलं.

बारा. भाकरी. तिच्या फडक्यात ठेचा होता, त्याची वाटणी झाली.

दीड. सगळ्यात कटकटीचं काम. नेढ्याच्या आत कंदिलाची काजळी फासली आणि दांड्याचं टोक आत दाबलं. काढून पाहिलं. जिथे काळं लागलं तिथे लाकूड जास्त. तेवढंच कानशीने खायचं, परत दाबायचं. वीस-पंचवीस वेळा. इथे घाई केली की पुढे पाचरीवर पाचरी ठोकत बसायचं. लोक ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगतं खरं, पण लोखंडाच्या आत चेंगरतं आणि वाळलं की आधीपेक्षा ढिलं होतं. म्हणून दांडा उन्हाळ्यात घालावा. चैत्रात वाळून घट्ट बसवलेला पावसात आणखी आवळतो. श्रावणातला होळीपर्यंत खुळखुळायला लागतो.

साडेतीन. टोकाला करवतीने चीर पाडली, नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश. मग दांडा उभा धरला, पातं खाली लोंबतं, आणि वरच्या टोकावर लाकडी मोगरी. पातं जमिनीला टेकलेलं नाही, तरी ठोक्यागणिक वर चढत जातं. मावशीला ही जादू वाटली. जड लोखंड जागचं हलत नाही, दांडाच त्यातून खाली सरकतो. मग बाभळीच्या नारेची पाचर. ठोक्याचा आवाज "ठक"वरून "टण"वर आला की थांबायचं. पुढचा एक ठोका दांडा फाडतो. मी फाडलेले आहेत.

साडेचार. फुटक्या काचेने खरवडून जवसाचं तेल चोळलं. व्हार्निश लावत नाही, तळहाताला फोड येतात.

पाच. दुकानामागे बाभळीचा ओंडका पडलेला असतो. मावशीने पदर खोचला, दोन घाव घातले, तिसऱ्याला फाडला. दांड्याकडे पाहून म्हणाली, "आखूड वाटला होता." आठ दिवसांनी पाचरीवर एक हलका ठोका दे, म्हणून सांगितलं. साडेपाचच्या एसटीला निघताना कुऱ्हाड हातात आणि रिकाम्या पिशवीत ढलप्या; दोन दिवसांच्या चहाचं जळण, म्हणाली.